घराच्या जमिनीखाली : इनामगावचे बारा हंगाम

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त इंदिरानगर, बेंगळूरु येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

महाराष्ट्रातील शेतकऱ्याने जमिनीची वाटणी फार पूर्वीच करून ठेवली आहे : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख, कोसळलेल्या भिंतींची माती, गुरांचे शेण आणि घरातला केर एकाच जागी साचत गेला की मातीचा रंग उतरतो, जमीन भोवतालच्या रानापेक्षा उंच होते आणि गाव उठून गेले तरी टेकाड मागे उरते. पुरातत्त्वज्ञ ज्याला प्राचीन वसाहतीचे स्थळ म्हणतात, त्याला गावकऱ्यांनी आपले नाव आधीच दिलेले होते. नदीकाठच्या अशा पांढरीच्या टेकाडांनीच महाराष्ट्राच्या पहिल्या शेतकऱ्यांचा ठावठिकाणा सांगितला.

त्यांतले सर्वांत बोलके टेकाड म्हणजे इनामगाव. पुण्याच्या पूर्वेस सुमारे ऐंशी किलोमीटरवर, शिरूर तालुक्यात, भीमेची उपनदी असलेल्या घोड नदीच्या उजव्या तीरावर ते आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ मध्ये येथे उत्खनन सुरू केले आणि १९८३ पर्यंत बारा हंगाम ते चालले. हसमुख धीरजलाल सांकलिया, मधुकर केशव ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी ही या कामाशी जोडलेली तीन प्रमुख नावे. केंद्रीय अभ्यासक्रमाच्या सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात इनामगाववर काही ओळी अनेक वर्षे होत्या. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांच्या रांजणात पुरलेल्या माणसाचा उल्लेख श्रोत्यांपैकी कित्येकांना आठवत असेल. परीक्षेत दोन गुणांना विचारला जाणारा तो मजकूर उभा करण्यासाठी पंधरा वर्षांचा काळ खर्ची पडला होता, हे मात्र पुस्तकात लिहिलेले नसते.

पंधरा वर्षे का लागावीत? इंदिरानगरात शंभर फुटी रस्त्याच्या आसपास एखादा जुना बंगला पाडून नव्या इमारतीचा पाया खणला जातो, तेव्हा यंत्र दोन-चार दिवसांत जमिनीत एक मजला खाली उतरते. इनामगावच्या खणकाचे हत्यार मात्र बहुतांशी हातातली करणी आणि ब्रश. आधीच्या उत्खननांचा रिवाज असा होता की टेकाडात एक अरुंद, खोल चर घ्यावा, थरांचा क्रम लावावा, कोणती मडकी वर आणि कोणती खाली ते नोंदवावे. कालक्रम समजण्यासाठी हे पुरेसे असते. पण चार हात रुंदीच्या चरात घर दिसत नाही. घराचा कोपरा दिसतो. गावात घरे कशी मांडली होती, शेजार कोणाचा होता, धान्य कोठे साठवत, मुले कोठे पुरत, हे जाणायचे असेल तर टेकाड आडवे उघडावे लागते. म्हणजे एकाच काळातली जमीन, चौकोनामागून चौकोन उघडत, दूरवर मोकळी करावी लागते. इनामगावात ही पद्धत हेतुपूर्वक स्वीकारली गेली. तिचा परिणाम असा, की तेथे सव्वाशेहून अधिक घरे आणि दोनशेहून अधिक दफने उजेडात आली. प्रागैतिहासिक भारतातील एका गावाची इतकी सविस्तर ओळख क्वचितच झाली असेल.

घर सापडते म्हणजे नेमके काय सापडते, हे समजून घेण्यासारखे आहे. भिंती बहुधा सापडत नाहीत. त्या कुडाच्या होत्या : खांब रोवायचे, त्यांत काटक्या-बांबू विणायचे आणि वर मातीचा लेप द्यायचा. तळाशी मातीची बुटकी भिंत. छप्पर गवताचे. हे सारे कुजून जाते. उरते ती जमीन. चोपून, सारवून, पुन्हा सारवून घट्ट झालेली जमीन करणीला वेगळी लागते. तिच्या कडेने ओळीने काळसर, भुसभुशीत मातीची वर्तुळे दिसतात. ते खांबांचे खळगे. लाकूड कुजले, त्या जागी वरची सैल माती शिरली आणि खांबाचा आकार मातीनेच जपून ठेवला. या वर्तुळांवरून रेघ ओढली की घराचा आराखडा उभा राहतो. मग आत चूल, कणगी ठेवण्याचा मातीचा गोल ओटा, धान्याचे बळद, एखादी आडभिंत. दोन घरांमधली मोकळी पट्टी म्हणजे बोळ. एवढ्यावरून आजी कोठे बसत असेल याची कल्पना करता येते, जरी पुरातत्त्वाच्या अहवालात आजीला जागा नसते.

अडचण पुढे आहे. एका जमिनीखाली दुसरी जमीन असते. घर मोडते, त्याच जागी दुसरे उठते, जुन्या राखेवर नवी माती पसरून पुन्हा सारवले जाते. अशा जमिनींतून मधूनच एक खड्डा खाली गेलेला दिसतो. खड्ड्यात मडकी, मडक्यांत हाडे. हा खड्डा कोणत्या जमिनीवरून खणला गेला? वरच्या घरातल्या लोकांनी खणला की खालच्या? खड्ड्याचे तोंड एखादी वीत वर धरले गेले, तर मूल शे-दीडशे वर्षांनंतरच्या, परक्या घराचे ठरते. म्हणून खड्ड्याची कड दिसताच काम थांबते. मोजमाप, रेखाचित्र, छायाचित्र, नोंद. कधी हंगाम संपतो आणि घराचा उरलेला अर्धा भाग शेजारच्या न खणलेल्या चौकोनात राहतो. तो पुढच्या वर्षी. पावसाळ्याआधी सारे झाकून ठेवायचे आणि पुन्हा तेथून सुरुवात करायची.

या तीन वस्त्यांचा काळ सुमारे नऊशे वर्षांचा आहे. सर्वांत खाली माळवा संस्कृतीचे लोक, इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते १४००. त्यांच्यावर जोर्वे संस्कृतीचा पूर्वकाळ, १४०० ते १०००. सर्वांत वर उत्तर जोर्वे, १००० ते ७००. जोर्वे हे संगमनेरजवळचे गाव. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये तेथे उत्खनन केले आणि काळ्या नक्षीच्या, तांबूस, खणखणीत भाजलेल्या मडक्यांना त्या गावाचे नाव मिळाले. लांब तोटीचे भांडे आणि कंगोरेदार कटोरा ही या मडक्यांची ओळख. पुढे हीच दोन भांडी मृतांच्या उशा-पायथ्याशी वारंवार भेटतात.

आता दफनांकडे वळू. लहान मूल गेले तर इनामगावचे लोक त्याला गावाबाहेर नेत नसत. घराच्याच जमिनीत, कधी अंगणात, खड्डा घेत. राखी रंगाची दोन भरड मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवत आणि त्यांच्या आत मूल. सोबत छोटी तोटीची भांडी, कटोरे. बहुधा पाणी आणि अन्न. मग खड्डा बुजवून जमीन पुन्हा सारवली जाई आणि त्यावर संसार चाले. सापडलेल्या दफनांत मुलांचीच संख्या मोठी आहे. पुरातत्त्वज्ञ या मुलांचे वय दातांवरून ठरवतात : हिरडीच्या आत, जबड्यात, दुधाच्या आणि पक्क्या दातांचे मुकुट ठरावीक क्रमाने तयार होत असतात, न उगवलेला दातही वय सांगतो. मडक्यातली माती चाळणीने चाळताना तांदळाएवढा दात हातातून निसटला तर ते मूल कायमचे वयहीन होते. अहवालातल्या कोरड्या तक्त्यांमागे ही सावधगिरी आहे.

नेवाशाला, प्रवरेच्या काठी, डेक्कन कॉलेजच्याच उत्खननात एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली होती. तांब्याच्या गंजामुळे मण्यांच्या आतला धागा टिकून राहिला. त्या काळी तांबे दुर्मीळ होते. ते मातीखाली जाऊ देणारे घर गरीब असो वा श्रीमंत, त्या मुलाला मोजत होते एवढे निश्चित.

प्रौढांची तऱ्हा निराळी. त्यांना खड्ड्यात उताणे, सरळ निजवीत. डोके उत्तरेला, पाय दक्षिणेला. आणि पाय घोट्याखाली तोडलेले. एकदा दिसले असते तर अपघात म्हणून सोडून देता आले असते, पण जोर्वे काळातील दफनांत हे पुन्हा पुन्हा दिसते. याचा अर्थ काय? ढवळीकरांनी सुचवलेला अर्थ असा, की मृताने घर सोडून जाऊ नये, भूत होऊन भटकू नये, म्हणून हे केले असावे. मुलाला घरात पुरणे आणि मोठ्याचे पाय तोडून त्याला घरात ठेवणे या दोन्ही कृतींमागे एकच इच्छा दिसते : आपले माणूस आपल्या जमिनीत राहावे.

या ठिकाणी मराठी श्रोत्याच्या मनात आपल्याकडच्या चालीरीती उभ्या राहणे स्वाभाविक आहे. उत्तरेला डोके करून झोपू नये असे घरातली वडीलधारी माणसे बजावतात. तान्ह्या मुलाला अग्नी न देता पुरण्याची रीत अनेक घरांत आहे. मृताच्या पायांचे अंगठे बांधतात. आणि ‘जिथे नाळ पुरली’ हा शब्दप्रयोग तर जन्मभूमीसाठीच वापरला जातो. पण तीन हजार वर्षांच्या दरीवर असा एका उडीत पूल बांधणे धोक्याचे आहे. मधल्या काळात लोक आले-गेले, धर्म बदलले, दहनाची प्रथा रुजली. साम्य आहे, ते लक्षात ठेवावे. वंशावळ मात्र सिद्ध झालेली नाही. पुरातत्त्वाच्या नावावर सभांतून सांगितल्या जाणाऱ्या कितीतरी गोष्टी या एका उडीवर उभ्या असतात.

आता तो रांजण. वस्तीच्या मध्यभागी एक घर निघाले, पाच खोल्यांचे, गावातल्या सर्वांत मोठ्या घरांपैकी. त्याला लागून धान्याचे कोठार. त्याच्या अंगणात कच्च्या, न भाजलेल्या मातीचा, चार बुटक्या पायांचा, पोटासारखा फुगीर रांजण पुरलेला होता. आत सुमारे चाळिशीचा एक पुरुष मांडी घालून बसवलेला. त्याचे पाय तोडलेले नव्हते. गावातल्या इतर प्रौढांचे पाय तोडले जात असताना याचे पाय शाबूत का? मोठे घर, कोठार, मध्यवर्ती जागा आणि हे आगळे दफन यांची सांगड घालून उत्खननकारांनी निष्कर्ष काढला, की हा गावाचा मुखिया असावा आणि कोठारात गोळा होणारे धान्य म्हणजे एक प्रकारचा कर. त्याला जोड म्हणून त्यांनी गावाचा बांध आणि पाटाचे पाणी आणणारा कालवा दाखवला. इतके मोठे काम कोणीतरी सांगितल्याशिवाय होत नाही.

हा निष्कर्ष पटण्याजोगा आहे, पण तो निष्कर्षच आहे. मुखिया मातीत सापडत नाही. सापडतो तो माणूस, रांजण आणि घर. कोठार सामाईक असू शकते, रांजणातला माणूस पुजारी किंवा आणखी कोणी असू शकतो. पाठ्यपुस्तकाने रांजण, घर आणि कोठार यांची माहिती देऊन, हा मुखिया असेल का, हे ठामपणे न सांगता प्रश्न म्हणून विचारले, हे त्या पुस्तकाच्या लेखकांच्या विवेकाचे लक्षण मानावे लागेल. मुलांना मग वर्गात विचारता येते : हा कोण असेल?

गावाच्या मांडणीतूनही दर्जाचा अंदाज लागतो. पूर्व जोर्वे काळात चौकोनी घरे ओळीने होती, मधे बोळ. मध्यभागी सधन शेतकऱ्यांची मोठी घरे; पश्चिमेच्या कडेला कुंभार, सोनार, चुनेवाला, हस्तिदंती कारागीर यांची वस्ती. लोक जव, गहू, डाळी, तीळ पिकवत. तांदूळही मिळाला आहे. बोरे, आवळे, जांभळे खात. गाय-बैल, म्हैस, शेळी-मेंढी पाळत, शिवाय हरीण, ससा, मासे, कासव, खेकडा. वनस्पतींच्या जळक्या दाण्यांचा हा अभ्यास काजळे यांनी केला. जळलेला दाणा कुजत नाही. गृहिणीच्या हातून चुलीत सांडलेली मूठ तीन हजार वर्षे टिकते, आणि कणगीतले सुरक्षित धान्य मात्र नाहीसे होते.

एका घराच्या जमिनीखाली आणखी एक वस्तू मिळाली, तिची नोंद घेतल्यावाचून पुढे जाता येणार नाही. कच्च्या मातीचे एक लंबगोल डबीसारखे भांडे, आत मातीची एक स्त्री-मूर्ती. झाकणावर दुसरी एक स्त्री, शिर नसलेली, आणि सोबत एक बैल. मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोके आहेत; काडी घातली की ती बैलावर बसते. ही इतकी जपून पुरली होती की कोणी परत काढण्याच्या विचाराने ठेवली असावी असे वाटते. तिचे नाव काय होते, कोणत्या प्रसंगी तिला बाहेर काढीत, हे मातीने सांगितलेले नाही.

मग वरच्या थरांत चित्र बदलते. इसवी सनापूर्वी सुमारे १००० नंतर मोठी चौकोनी घरे जाऊन लहान, गोल झोपड्या येतात, अंगणाभोवती पुंजक्यांनी वसलेल्या. मडकी भरड होतात. गहू मागे पडतो, शिकार वाढते. ढवळीकरांनी या झोपड्यांची तुलना भटक्या जमातींच्या निवाऱ्यांशी केली आणि कारण सांगितले : पाऊस कमी झाला, शेती हटली, लोक हळूहळू फिरत्या पशुपालनाकडे वळले आणि सुमारे ७०० मध्ये गाव उठले. दुष्काळाने उठलेली गावे मराठी माणसाला नवी नाहीत. त्यामुळे ही कथा सहज पटते, आणि नेमक्या अशाच वेळी थोडे थांबावे.

थांबण्याचे कारण मुलांच्या हाडांनी दिले. इनामगावच्या मानवी अवशेषांचा पहिला सविस्तर अभ्यास जॉन ल्यूकॅक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी केला. तो १९८६ साली प्रसिद्ध झाला. उत्खननाचा मुख्य अहवाल १९८८ चा. त्यानंतर जवळजवळ पाव शतकाने, २०११ मध्ये, अमेरिकन अभ्यासक ग्वेन रॉबिन्स शुग यांचे पुस्तक आले. त्यांनी नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव येथील मुलांचीच हाडे पुन्हा घेतली. वयाच्या मानाने मुलांची वाढ किती झाली होती, हाडांच्या मापांवरून शरीराचे वजन किती असावे, हे त्यांनी तपासले. उत्तर जोर्वे काळात मुले खुरटलेली होती, अनेक लहान वयातच जात होती, हे त्यातून दिसले. पण सारे काही एका मोठ्या दुष्काळाच्या माथी मारण्यास त्यांनी नकार दिला. हवामानाचा पुरावा तितका सरळ नाही. लोकांनी जगण्याची पद्धत बदलली, त्या बदलाचा भार मुलांवर पडला, असा त्यांच्या मांडणीचा रोख आहे. हा वाद अजून मिटलेला नाही. मिटण्याची घाईही नाही.

हे सारे बेंगळूरुत सांगण्याला एक प्रयोजन आहे. इनामगावची पद्धत भीमेपाशी थांबत नाही. चित्रदुर्ग जिल्ह्यातील ब्रह्मगिरीला मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४७ मध्ये उत्खनन केले, तेव्हा दगडी कुऱ्हाडी वापरणाऱ्या लोकांच्या थरांत मडक्यांत पुरलेली मुले मिळाली. बळ्ळारी जिल्ह्यातील तेक्कलकोटे येथे एम. एस. नागराजराव यांनी साठच्या दशकात टेकडीवरल्या गोल झोपड्या उघडल्या. तेथेही मुले मडक्यांत, मोठी माणसे सरळ निजवलेली. सुरपूर भागातील बुदिहाळला डेक्कन कॉलेजच्याच के. पद्दय्या यांनी अनेक हंगाम काम केले. शेणाच्या राखेचे प्रचंड ढीग, गुरांचा वाडा, आणि वस्तीच्या जागेत पुरलेली लहान मुले. फरक आहेत. कर्नाटकच्या या वस्त्यांना नवाश्मयुगीन म्हणतात, महाराष्ट्राच्या वस्त्यांना ताम्रपाषाणयुगीन, कारण तिकडे तांब्याचा वापर अधिक. दक्षिणेकडे गुरे आणि भरड धान्ये, घोडेच्या काठी जव. परंतु कृष्णेच्या अलीकडे आणि पलीकडे, आईने गेलेल्या मुलाला घरालगत मडक्यात ठेवण्याची रीत एकच आहे. तेव्हा मराठी नव्हती, कन्नडही नव्हती. हे लोक कोणती भाषा बोलत हे त्यांच्या मडक्यांनी कधीच सांगितले नाही.

उत्खननाबद्दल एक कटू गोष्ट सांगायची राहिली. खणलेले घर पुन्हा खणता येत नाही. वरची जमीन काढल्याशिवाय खालची दिसत नाही, आणि काढलेली जमीन परत घालता येत नाही. पाच खोल्यांचे ते घर आज वह्यांत, रेखाचित्रांत, छायाचित्रांत आणि खुणेच्या चिठ्ठ्या बांधलेल्या पिशव्यांत आहे. १९७० च्या दशकात घोडेच्या काठी एखाद्या विद्यार्थ्याने मडक्यातली हाडे वेचून, चौकोनाचा क्रमांक, थर आणि दफनाचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून, पिशवीचे तोंड बांधले. ही हाडे कशासाठी उपयोगी पडतील हे त्याला सांगता आले नसते. वयाच्या मानाने वाढ मोजण्याची पुढची गणिते तेव्हा मांडली गेली नव्हती. चिठ्ठी मात्र त्याने नीट लिहिली होती. तीवरूनच चाळीस वर्षांनी कळू शकले, की अमुक हाडे अमुक घरातील, अमुक जमिनीखालच्या, साधारण एवढ्या महिन्यांच्या मुलाची आहेत.